‘ने’ची कसोटी आणि इंग्रजी क्रियापदे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेहमी गल्लत होणाऱ्या इंग्रजी क्रियापदांवरच्या माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ‘लाय’ (आडवे होणे) आणि ‘ले’ (ठेवणे) यांचा घोळ ज्यांची इंग्रजी ही मातृभाषा आहे तेही घालतात, मग त्यावरून आपल्या मुलांना का छळायचे, हा पहिला. आणि इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी, मराठीचा आधार दिला की मुले मनातल्या मनात भाषांतर करत बसतात, हा दुसरा. दुसरा अधिक मूलगामी आहे, म्हणून आधी त्याकडे वळतो.

मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते हे खरे. परंतु ‘लाय–ले’सारख्या जोड्यांशी गाठ पडते तोवर मुलाच्या जिभेवर पडणे–पाडणे, फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे ही रूपे पक्की बसलेली असतात. हातून ग्लास पडला की कोणतेही मूल ‘ग्लास फुटला’ असेच सांगते, ‘मी फोडला’ असे सांगत नाही. अकर्मक आणि सकर्मक यांतला फरक त्याला व्याकरणाच्या तासाच्या कितीतरी आधी कळलेला असतो, आणि तो सोयीने वापरताही येतो. इंग्रजीतील ‘लाय–ले’, ‘राइझ–रेझ’, ‘सिट–सेट’ या जोड्या याच जातीच्या आहेत. मात्र इंग्रजीत अशा जोड्या मोजक्याच उरल्या आहेत, त्यामुळे तिथल्या मुलाला त्या सुट्या सुट्या पाठ कराव्या लागतात. आपल्याकडे त्या ढिगाने आहेत. हाताशी असलेले हे ज्ञान वर्गाबाहेर ठेवायला सांगणे मला पटत नाही.

लेखात मी सुचवलेली कसोटी एवढीच होती, की वाक्य मराठीत भूतकाळी करून पाहावे आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का ते तपासावे. ‘किमती वाढल्या’ येथे ‘ने’ नाही, म्हणून ‘रोझ’. ‘दुकानदाराने किमती वाढवल्या’ येथे आहे, म्हणून ‘रेझ्ड’. ‘आजोबा पलंगावर आडवे झाले’ यासाठी ‘ले’, तर ‘आईने बाळाला पाळण्यात ठेवले’, ‘कोंबडीने अंडी घातली’ आणि ‘गवंड्याने विटा रचल्या’ या तिन्हींसाठी ‘लेड’. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. तिथे क्रियापद कोणाच्या मागे जाते ते पाहावे. एखादी मुलगी ‘मी आडवी झाले’ म्हणते तेव्हा क्रियापद तिच्यामागे जाते, पण ‘मी नकाशा टेबलावर पसरला’ म्हणते तेव्हा ते नकाशामागे जाते, आणि तिथे ‘लेड’ हवे.

ही कसोटी सर्वत्र चालत नाही. ‘ती कविता शिकली’, ‘तो पत्ता विसरला’ यांत कर्म असूनही ‘ने’ येत नाही. सुदैवाने गोंधळाच्या जोड्यांमध्ये ही क्रियापदे नाहीत.

‘हिअर’ आणि ‘लिसन’ या दोहोंसाठी मराठीत ‘ऐकणे’ हे एकच क्रियापद आहे, असे आपण उदाहरणादाखल लिहिले आहे. येथे मात्र मी ठामपणे असहमत आहे. रात्री गाडीचा भोंगा आपल्याला ‘ऐकू येतो’, आणि रेडिओवरच्या बातम्या आपण ‘ऐकतो’. कानावर पडणे आणि कान देणे यांत मराठी माणूस कधीही घोटाळा करत नाही. ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ यांचेही बव्हंशी तसेच आहे, तरी ‘मी सिनेमा पाहिला’ यासाठी इंग्रजीत ‘सॉ’ चालते, हे वेगळे सांगावे लागते. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांच्या बाबतीतही आपले ‘उसने घेणे’ आणि ‘उसने देणे’ पुरेसे स्पष्ट आहे. गंमत म्हणजे, घर भाड्याने देणारा आणि घेणारा, दोघांनाही इंग्रजी एकाच ‘रेंट’मध्ये बसवते; मराठी तिथे अधिक काटेकोर आहे.

आपला आक्षेप खऱ्या अर्थाने लागू पडतो तो ‘डू’ आणि ‘मेक’ यांना. आपण चूकही करतो, गृहपाठही करतो, फोनही करतो आणि प्रयत्नही करतो. इंग्रजीत गृहपाठाला ‘डू’ आणि बाकी तिघांना ‘मेक’ लागते. येथे ‘करणे’ काहीच सांगत नाही, आणि ‘मेक म्हणजे बनवणे’ हा ठरावीक नियम तर सरळ चुकीच्या वाटेला लावतो, कारण फोन कोणी बनवत नाही आणि चूकही नाही. ही नामे त्या त्या क्रियापदासह वाक्यातूनच वाचावी आणि ऐकावी लागतात. ‘पंखा बंद कर’ याचे ‘क्लोज द फॅन’ होते तेही मराठीमुळेच, हे मला मान्य आहे.

राहिला पहिला आक्षेप. बोलण्याच्या ओघात ‘लाय डाउन’ऐवजी ‘ले डाउन’ म्हणणाऱ्याला कोणी थांबवू नये, कारण अर्थ कुठेच अडत नाही; तसे रोखावे असे मी म्हटलेलेही नाही. परंतु ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो आणि ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’, ही गुंतागुंत ठाऊक नसेल, तर पुस्तकातले ‘ही ले ऑन द बेड’ हे शुद्ध वाक्यही मुलांना चुकीचे वाटते. लिहिण्याइतकाच वाचण्यासाठीही हा भेद शिकवावा लागतो, आणि त्यासाठी गुण कापण्याची गरज नाही.