‘शंट टाकला की इन्फेक्शन ठरलेलंच’ हे खरं नाही

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. शेवटी तो पाठवला कवठेमहांकाळच्या एका बापाने. त्याच्या चार महिन्यांच्या मुलीच्या डोक्यात पाणी झालंय, ते पाणी पोटात नेणारी नळी, म्हणजे शंट, टाकायच्या ऑपरेशनची तारीख ठरलीय. मेसेज थोडक्यात असा: शंट टाकला की इन्फेक्शन ठरलेलंच. टाकायचाच तर परदेशी टाका. नंतर महिनाभर अँटिबायोटिक चालू ठेवा, टाक्यांवर हळद लावा आणि लसी बंद करा. खाली त्याने विचारलं होतं, ‘सिस्टर, तारीख रद्द करू का?’

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. त्या एका प्रश्नासाठी हे लिहितेय.

आधी ‘ठरलेलंच’ हा शब्द. शंट म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत साठलेलं पाणी कातडीखालून पोटात नेणारी सिलिकॉनची नळी. बहुतेक ठिकाणचे आकडे बघितले तर शंभर ऑपरेशनांमागे साधारण पाच ते पंधरा वेळा इन्फेक्शन होतं; दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत जास्त. धोका आहे, मोठा आहे, मी तो झाकणार नाही. पण बाकीच्या बाळांना इन्फेक्शन होत नाही, हेही तितकंच खरं. आणि पाण्याचा दाब तसाच राहिला तर डोकं वाढत जातं, नजर जाऊ शकते, मेंदू दबतो. त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा बाळाच्या स्वतःच्या कातडीवरून. तिथे ते काही त्रास देत नाहीत. नळीवर बसले की मात्र स्वतःभोवती चिकट थर धरतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून इन्फेक्शन झालं की बहुधा नळीच काढावी लागते, काही दिवस पाणी बाहेर काढायची सोय करावी लागते, शिरेतून औषधं द्यावी लागतात आणि मग नवा शंट. हा शिरकाव बहुतांशी थिएटरमधल्या त्या तासाभरातच होतो. तो अडवायचाही तिथेच.

कसा अडवतो, ते सांगते. दारावर ‘आत येऊ नये’चा कागद लागतो. केस वस्तऱ्याने काढत नाही, कारण वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात. काढायचेच तर मशीनने. क्लोरहेक्सिडिन हे कातडीवरचे जंतू मारणारं औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत तीन मिनिटं थांबायचं. घड्याळाकडे बघत नुसतं उभं राहायचं, हात शिवशिवले तरी. हातात मोज्यांचे दोन जोड. शंटचं पाकीट अगदी गरज लागेल तेव्हाच फोडायचं आणि नळीला हात लावण्याआधी वरचा जोड बदलायचा. पाकीट फोडताना माझ्या हाताखालच्या मुलींना मी बोलू देत नाही.

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते प्रत्येक वेळी, रात्री दोनच्या इमर्जन्सीलाही, न चुकता करणं. अमेरिका आणि कॅनडातल्या चार बाल-रुग्णालयांनी अशाच ११ पायऱ्या ठरवून पाळल्या. २०११ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांत इन्फेक्शनचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आलेलं दिसतं. जे ठरलेलंच असतं, ते असं कमी होत नाही.

परदेशी नळीबद्दल. आपल्याकडे बनणारा स्वस्त छाब्रा शंट आणि महागडा परदेशी शंट यांची युगांडात १९५ मुलांवर तुलना झाली, २००५ मध्ये ती छापून आली. वर्षभरानंतर फरक दिसला नाही. फरक पडतो तो नळीत अँटिबायोटिक मुरवलेलं असण्याने. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सोळाशे रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१९) साध्या नळीला इन्फेक्शन ६ टक्के, अशा नळीला २ टक्के. तेव्हा डॉक्टरांना ‘परदेशी आहे का?’ असं विचारू नका, ‘अँटिबायोटिकवाली मिळेल का?’ असं विचारा. नाही मिळाली म्हणून दागिने गहाण टाकून तारीख पुढे ढकलू नका.

महिनाभर अँटिबायोटिक? डोस लागतो तो चिरा देण्याआधीच्या तासाभरात. जखम शिवून झाल्यावर ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून’ औषध लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलंय. उलट घरात उरलेली बाटली पाजली की आतलं इन्फेक्शन दबतं आणि डोक्यातलं पाणी तपासायला पाठवलं तर जंतू सापडत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हळदीचं बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण सांगलीच्या माणसाला हळद म्हणजे घरचं सोनं. माझ्या माहेरीही खरचटलं की हळदच. पण जमिनीवर वाळवलेली, गिरणीत दळलेली पूड निर्जंतुक नसते. डोक्यावरच्या ताज्या टाक्यांखाली थेट नळी आहे. तिथे ती नको, तेलही नको.

लसी बंद करायचं काहीच कारण नाही. न्यूमोकोकस आणि हिब या मेंदूज्वराच्या जंतूंवरच्या लसी तर या बाळांना हव्यातच.

त्या बापाला मी रात्री फोन केला. तारीख ठेवा म्हटलं. मग फोन बाळाच्या आईकडे द्यायला सांगितला. इन्फेक्शन बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दिसतं आणि ते आधी आईच्या हाताला जाणवतं. ताप आला की ‘दात येत असतील’ म्हणून थांबायचं नाही, उलट्या, सुस्ती, फुगलेली टाळू, टाक्यांतून ओल, काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हे तिला सांगितलं. टाके निघाले की रोज अंघोळ घालताना कानामागून मानेवरून छातीपर्यंत नळीच्या वाटेवर बोट हलकं फिरवायचं, लाल, गरम किंवा सुजलेलं लागतंय का बघायचं. ती म्हणाली, ‘सिस्टर, जरा थांबा, लिहून घेते.’