खुलासा : जेरी तुवाईची सुवर्णपदके दोन, तीन नव्हेत

फिजीच्या जेरी तुवाईने सेव्हन्स रग्बीत (प्रत्येक संघात सात खेळाडू असलेली रग्बी) सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१६ला रिओत फिजीने ब्रिटनला ४३-७ असे अक्षरशः धुतले. टोकियोत तुवाईच्याच नेतृत्वाखाली न्यूझीलंडला २७-१२ ने हरवले. ही झाली दोन सुवर्णपदके. २०२४च्या पॅरिसमध्ये मात्र अंतिम सामना यजमान फ्रान्सने २८-७ असा जिंकला आणि तुवाईच्या गळ्यात रौप्य पडले. ऑलिम्पिक सेव्हन्समधला फिजीच्या पुरुष संघाचा तो पहिलाच पराभव! तरीही ऑलिम्पिक सेव्हन्समध्ये दोन सुवर्णपदके मिळवणारा पुरुष खेळाडू तो एकटाच. फिजीची राजधानी सुवाजवळच्या वस्तीत वाढलेल्या या पोराची खरी कमाईच एवढी मोठी आहे की तिसरे सुवर्ण कशाला चिकटवायचे? कृपया दुरुस्त मजकूरच पुढे पाठवा.