एक ताऱ्याला उत्तर: फ्लोअर वाचवायचा होता

दादा, रिव्ह्यू वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण शब्द लागले. तुम्ही लिहिलंय, ‘आठ वर्षं दर शनिवारी यायचो. आता बार नाही, दहाला लाइट लागतात, वर हलगी. नाव बदललं, बोर्ड बदलला, क्लबचं मंगल कार्यालय केलं. पैशासाठी ओळख विकली.’

आधी माझी चूक. जिन्याखालची भिंत, जिच्यावर तुम्ही सगळ्यांनी मार्करनं नावं लिहिली होती, ती साऊंडच्या कामात झाकली गेली आणि मी कुणाला आधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माफ करा. नावं पुसलेली नाहीत, पॅनेलच्या मागं जशीच्या तशी आहेत.

पैशाचं मात्र मला मान्य नाही. गल्ल्यात मोठा वाटा बारचाच असायचा, तोच मी बंद केलाय. शेवटची दोन-तीन वर्षं आठवून बघा. चार टेबलांची नऊ झाली, नवाची चौदा, आणि प्रत्येक टेबल फ्लोअरच्या जागेतच बसलं. नाचणारी पोरं खांबामागं गेली, पोरी तर यायच्याच बंद झाल्या. टेबलवाले डीजेपुढं मोबाईल धरायचे, ‘हे लाव’. बिल मोठं असायचं, म्हणून मीच डीजेला खूण करायचो. हाऊस म्युझिकचा सेट अर्धा तास सलग चालेना. ओळख गेली असेल तर ती तेव्हा गेली, जुना बोर्ड वर असताना.

दुसरं कारण वरच्या मजल्यावरच्या आजी. एका शनिवारी साडेअकराला त्यांनी मला वर बोलावलं. भांडल्या नाहीत. स्वयंपाकघरात नेलं आणि मांडणी दाखवली. स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणत होती, खालच्या किकबरोबर, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्याबरोबर, एकही ठेका न चुकता. तांब्यातल्या पाण्यावर कडी उठत होती. ‘झोप लागंना रे बाळा,’ एवढंच म्हणाल्या. पन्नास हर्ट्‌झच्या बासची लाट जवळपास सात मीटर लांब असते, दोन इंची फोमला ती काय जुमानणार? वजनदार, मूळ भिंतीपासून सुटी दुसरी भिंत घालावी लागते. ती घातली, तरी कोल्हापुरात, राजारामपुरीत, वर माणसं राहतात. निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबलची आहे. म्हणून शनिवार-रविवार दुपारी चार ते रात्री दहा.

बार नाही म्हणजे क्लब नाही, हे मला पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये डीजे डेव्हिड मॅन्कुसोनं १९७० मध्ये स्वतःच्या राहत्या जागेत ‘द लॉफ्ट’च्या पार्ट्या सुरू केल्या, तिथं दारू विकली जात नव्हती. डीजे लॅरी लेव्हन वाजवायचा त्या ‘पॅराडाइज गराज’ क्लबमध्येही नाही, आणि तिथं लोक सकाळपर्यंत नाचायचे. शिकागोच्या ज्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून हाऊस हे नाव पडलं असं सांगतात, तिथून त्याचा डीजे फ्रँकी नकल्स १९८२ च्या सुमारास बाहेर पडला. ओळख बोर्डाला चिकटून राहिली नाही, नाचणारे त्याच्या नव्या जागेत गेले. ह्या माणसांमुळं मी हा धंदा उघडला, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी त्यांच्याबद्दल आपण जिन्यात बसून किती बोललोय.

हलगी पहिला पाऊण तासच असते. वाजवणारे काका आमच्या किचनच्या गॅसवर चामडं शेकतात, बोटानं टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. मग ठेका चढत जातो आणि डीजे हळूच त्याखाली किक सरकवतो. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की कोल्हापूरच्या माणसाचे पाय जागेवर राहत नाहीत. तेच पाय इथं मिनिटाला १२४ ठोक्यांच्या टेंपोवर नेतोय आम्ही. त्यानंतर दहापर्यंत एकच डीजे, सलग, फर्माईश नाही. टेबलं सगळी काढली. गेल्या रविवारी खांबाच्या दोन्ही बाजूंना माणसं नाचत होती, त्यात पोरी होत्या, एकजण आईला घेऊन आला होता.

पॅनेल लावण्याआधी भिंतीचे फोटो काढलेत. ते मोठे करून जिन्यात लावायचं चाललंय. तुमचं नाव कुठल्या कोपऱ्यात आहे तेवढं कळवा, त्या फोटोपासून सुरुवात करतो.