कंटेंट घ्या, वायरचं नंतर बघू!

इंटरनेट कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे टाकायचे म्हणताय? फारच छान. फक्त आधी पक्ष निवडा. एक पक्ष म्हणतो, खरा पैसा कंटेंटमध्ये: क्रिकेट, सिनेमे, सिरियली. दुसरा म्हणतो, घराघरात गेलेली वायर ज्याची, बाजार त्याचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या हाच वाद पेटलाय. मी तो मोबाइल डेटावर वाचतोय, कारण घरातल्या नेटच्या डब्यावर 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकतोय. असो. तुमच्यासाठी काही अनुभवी सल्ले.

इतिहास वाचू नका. वाचलात तर जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एओएलनं सिनेमे आणि केबलवाली टाइम वॉर्नर घ्यायचं जाहीर केल्याचं कळेल. एओएल डायलअपवाली, म्हणजे फोनच्या लाइनवरून नेट देणारी, तिच्याकडे केबल नाही. म्हणून 'केबल सगळ्यांना खुली करा' असा तिचा घोष चालायचा. टाइम वॉर्नरची केबल हाताशी येणार म्हटल्यावर तो आवाज एकदम खाली आला. तत्त्वं अशी लवचीक हवीत! या जोडप्यानं 2002 मध्ये जवळजवळ 99 अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, 2009 मध्ये काडीमोड. उलट्या बाजूनं तिथल्याच ॲट होम कंपनीकडे केबलचं वेगवान नेट होतं, त्यांनी 1999 मध्ये एक्साइट हे पोर्टल विकत घेतलं आणि 2001 मध्ये दिवाळं वाजवलं. आपल्याकडे नेट पुरवणाऱ्या सत्यम इन्फोवेनं त्याच 1999 मध्ये इंडियावर्ल्डच्या वेबसाइटींसाठी 499 कोटी मोजले. एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीनं 2018 मध्ये तीच टाइम वॉर्नर घेतली आणि 2022 मध्ये अंगावरून झटकली. बघा, वाचलंत की उगाच मूड जातो.

प्लॅनमध्ये किती ओटीटी फुकट आहेत ते मोजा. नेट चालतं का, हे विचारणं मध्यमवर्गीय खोड आहे.

'चर्न' बघा. म्हणजे किती गिऱ्हाइकं सोडून गेली. आमच्या कंपनीची फारशी जात नसणार, ॲनालिस्ट खूश असतील. जातील कशी? आणि कुठे? गल्लीत ड्रेनेजसाठी जेसीबी आला, त्यानं फायबर तोडली. केसाएवढी काच ती, टोकं जुळवून वितळवून जोडावी लागते, त्याला मशीन लागतं, मशीन घेऊन माणूस लागतो. माणूस म्हणतो, 'सर, वरून सांगितलं नाही.' कस्टमर केअर म्हणतं, खोदाई महापालिकेची. महापालिका म्हणते, केबल तुमची, तुमच्या कंपनीला विचारा. तेवढ्यात मोबाइलवर मेसेज येतो: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया रेटिंग द्या.' दिवा लालच! शेवटी एक पोरगा शिडी घेऊन आला, गुलमोहरावरून विजेच्या खांबावर आणि खांबावरून आमच्या गच्चीवर एक काळी वायर ओढून गेला. तीही लोंबकळतेय, पुढच्या कारवाईत महापालिका कापेलच. बरं, दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यावं, तर कमिटी म्हणते, डक्टमध्ये, म्हणजे वायरी नेण्याच्या नळीत, एकाच कंपनीला परवानगी. गच्चीवरच्या बॉक्सचं भाडं तीच देते ना! म्हणजे भाडं सोसायटीला, शेअर तुम्हाला आणि लाल दिवा आम्हाला.

भांडवली खर्च कमी दाखवणारी कंपनी उत्तम. जोडणारी माणसं कमी ठेवली की आकडा आपोआप कमी दिसतो.

आणि हो, कंटेंट आणि वायर दोन्ही एकाच्याच हातात असेल तर डोळे झाकून घ्या. जिओच्या मालक रिलायन्सनं 2018 मध्ये डेन आणि हॅथवे या केबल कंपन्यांत मोठा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार आलं. वायरही घरची, क्रिकेटही घरचं. दूरसंचार नियामकानं 2016 मध्ये कंटेंट बघून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी घातली, तेवढीच काय ती कटकट.

दुसऱ्या मजल्यावरचे एक काका परवा लिफ्टमध्ये सांगत होते, 'अरे, लाँग टर्ममध्ये कंटेंटच जिंकतं.' काका, कुठल्या वायरीवरून जिंकतं हो? तुमच्याही घरी लाल दिवाच आहे, तुम्ही पोराच्या हॉटस्पॉटवर शेअरचे भाव बघता!

पुरे आता. कंटेंट मोठं की वायर मोठी, हा वाद घालणाऱ्या एकानंही ग्रुपवर साधी तक्रार टाकलेली नाही. पंचवीस वर्षं तुम्ही लोक हे विकत घे, ते वेगळं कर करताय. तुटलेली लाइन किती वेळात जोडता, हा प्रश्न कंपनीच्या सभेत एकदा तरी विचारलात? भागधारक आहात ना? आणि कमिटीवाले, बॉक्सच्या भाड्यातून गेटला रंग लावलात, लाज वाटू द्या थोडी. डक्टमध्ये आणखी दोन कंपन्यांच्या वायरी सहज बसतात, मी झाकण उघडून बघितलंय. हा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर लेखी घ्या. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून चहा आल्यावर ढकललात, तर मी उठणार नाही आणि चहाही पिऊ देणार नाही.