सहा जणींना मिळून पंच्याहत्तर मिनिटं

दुपारपासून विनोद महोत्सवाचं वेळापत्रक सगळ्या ग्रुपवर फिरतंय. पुरुष कलाकारांचे स्वतंत्र शो, प्रत्येकाला एक तास, प्रत्येकाचा मोठा फोटो, वर शोचं नाव. आणि शेवटच्या रात्री, मैदानावर, पावणेनऊ वाजता 'लेडीज स्पेशल'. गुलाबी पट्टीत एका ओळीत सहा नावं. सहा जणींना मिळून ७५ मिनिटं.

या सहांपैकी तिघींकडे तासाभराचा तयार शो आहे. पुण्या-मुंबईत तिकीट लावून केलेला. तिघींनीही स्वतंत्र शो मागितला होता. "आधी एकत्र करून बघू, मग पुढच्या वर्षी विचार करू" असं उत्तर मिळालं. पुरुषांना कुणी असं एकत्र करून बघितलेलं नाही.

जरा हिशोब मांडू या. ७५ मिनिटांतली १० सत्काराला. निवेदक प्रत्येकीला दोन मिनिटं घेऊन बोलावणार, म्हणजे १२ गेली. उरली ५३. भागिले सहा, वाट्याला नऊ मिनिटंही येत नाहीत. आणि पावणेनऊ अधिक ७५ मिनिटं म्हणजे बरोबर रात्री दहा. वर्षातले ठराविक सवलतीचे दिवस सोडले तर उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. बंद सभागृहाला ती अडचण नाही, मैदानाला आहे. आपल्याकडचा कुठला कार्यक्रम वेळेवर सुरू होतो सांगा. पाहुणे येणार, फेटे बांधणार, शाल-नारळ होणार, मग दीपप्रज्वलनाच्या समया वाऱ्यानं विझणार. हा सगळा उशीर शेवटच्या कलाकाराच्या वेळेतून कापला जातो. शेवटी कुणाला ठेवलंय ते बघा.

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात हे डोळ्यांसमोर घडलंय. सांगली बाजूची एक मुलगी. स्वतःचा ५० मिनिटांचा शो, वेळ नऊची, जागा मैदान. सत्कार नऊ चाळीसपर्यंत चालले. माइक हातात येईपर्यंत अठरा मिनिटं उरली होती.

तिच्या शोची बांधणी सांगितल्याशिवाय काय गेलं ते कळायचं नाही. सहाव्या मिनिटाला ती आईच्या भिशीचं सांगते. बारा बायका, महिन्याला पाचशे, आणि आई दरवर्षी मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेते. कारण एकच, घरात पैशाचा पत्ता लागू नये. वडील दर महिन्याला विचारणार, "भिशी लागली काय गं?" आणि आई चपाती लाटता लाटता, मान वर न करता, "अजून न्हाई, माझा नंबर शेवटचा हाय." तिथं बरं हसू येतं, फार नाही. ते वाक्य ती तिथंच सोडून देते. मग शाळा, यंत्रमागाचा आवाज, पहिली नोकरी, लग्न. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास एका लग्नाच्या पंगतीत चार मावश्या तिला घेरतात. "काय मग, गोड बातमी?" आणि ती ताटावरून मान वर न करता म्हणते, "अजून न्हाई, माझा नंबर शेवटचा हाय."

बंद हॉलमध्ये हे वाक्य पडल्यावर काय होतं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. अर्धा मिनिट तिला बोलताच येत नाही. बायका शेजारणीच्या मांडीवर थापा मारतात. आईनं जे पैशासाठी केलं ते लेकीनं स्वतःच्या अंगासाठी केलं, हे त्या एका वाक्यात आपोआप पोचतं. त्यासाठी मधली चौतीस मिनिटं लागतात. प्रेक्षक पहिलं वाक्य विसरायला आला पाहिजे, पण पुरता विसरलेला नको. एवढं बारीक काम आहे हे. अशी पाच मिनिटं ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन थोडा वेळ विनोद करून बघायच्या मंचावर, घासायला महिने जातात. दर वेळी फोनवर रेकॉर्ड करायचं, घरी जाऊन हसू कुठं आलं, कुठं नुसताच श्वास आला ते ऐकायचं, एक शब्द बदलायचा, परत जायचं. चपाती 'लाटता लाटता' की 'भाजता भाजता', इथवर.

त्या रात्री भिशी झाली. पंगत आलीच नाही. दहाला साउंड बंद. उतरताना पुढच्या सोफ्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बरी बोलली, पण शेवट काय नव्हता."

शेवट होता हो! तुमच्या सत्काराखाली गेला तो!

आणि आज वेळापत्रकाखाली एकानं लिहिलंय, "बायका सगळ्या एकाच विषयावर बोलतात, नवरा आणि सासू." हे का होतं ते नीट ऐका. नऊ मिनिटांत अनोळखी माणसांशी नातं जोडायचं तर हाताशी असलेला, सगळ्यांना लगेच कळणारा विषय घ्यावा लागतो. सहा जणींना नऊ-नऊ मिनिटं दिली की सहा वेळा तीच ओळखपरेड होणार. यंत्रमाग, कर्ज, वडिलांची दारू, हॉस्टेलची मेस हे विसाव्या मिनिटानंतर येतं, जेव्हा प्रेक्षक तिचा झालेला असतो. तिला तिथवर जाऊच द्यायचं नाही आणि मग म्हणायचं विषय नाहीत.

बायकांच्या एकटीच्या शोला तिकिटं कमी जातात. मान्य. नव्या मुलींपैकी काहींकडे वीस मिनिटांच्या वर ऐवज नसतो, तेही मान्य. मग ज्यांच्याकडे वीस आहे त्यांना वीस द्या, दोघी-दोघींचा शो करा. ज्यांच्याकडे तास आहे त्यांना तास द्या. इतकं अवघड नाही.

तासभराच्या स्वतंत्र शोनं काय होतं याचा दाखला जगात आहे. स्कॉटलंडमधला एडिनबरा फ्रिंज हा महोत्सव १९४७ मध्ये आठ नाटकमंडळ्या न बोलावता जाऊन उभ्या राहिल्या तिथून सुरू झाला. तिथं शो साधारण तासाचाच. तिथला मानाचा विनोद पुरस्कार १९८१ मध्ये सुरू झाला आणि एकटीनं शो करणाऱ्या बाईला, जेनी एक्लेअरला, तो मिळायला १९९५ उजाडलं. पण २०२३ मध्ये तिथला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मुंबईच्या उरूज अशफाकनं घेतला, स्वतःच्या पूर्ण शोवर. 'लेडीज स्पेशल'मधल्या नऊ मिनिटांवर नाही.

राग बाजूला ठेवतो. संयोजकांतली दोन-तीन माणसं खरोखर कष्टाळू आहेत, पदरमोड करतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर या गावात हॉल मिळवणं काय झालंय हे आम्हालाही दिसतंय. म्हणून नुसती तक्रार न करता काय करायचं तेही लिहितो.

वेळ शनिवार किंवा रविवार संध्याकाळी साडेसहा. बायका प्रेक्षक म्हणून हव्या असतील तर साडेआठला त्या घराकडे निघालेल्या असल्या पाहिजेत, कागल-हुपरीकडच्यांना गाडी मिळाली पाहिजे. जागा बंद हॉल, शे-दीडशे खुर्च्यांचा पुरे. माणसं साठ आली तर मागच्या रांगांना दोरी बांधा आणि सगळ्यांना पुढं जवळ-जवळ बसवा. विखुरलेली साठ माणसं हसत नाहीत, एकमेकांकडे बघत बसतात. पहिली रांग स्टेजपासून फार तर दीड मीटरवर. मान्यवरांचे सोफे बाजूला लावा. मधोमध अर्धे रिकामे सोफे असले की पहिला पंच, म्हणजे हशाची ओळ, तिथंच मरतो.

हॉलचे दिवे बंद. "बायका आल्यात, अंधार नको" म्हणून ट्यूबलाइट चालू ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे. उलटं आहे ते. उजेडात सासूशेजारी बसलेली सून हसताना आधी सासूचं तोंड बघते. जिन्याला आणि दाराला दिवा ठेवा, खुर्च्यांवर नको. स्टेजवर डोक्यावरचा एकच फोकस लावला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, चेहऱ्यावरचं काहीच दिसत नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके दोन फोकस पाहिजेत.

साउंड. इथं सगळ्यात जास्त वाट लागते. आपल्याकडचे सेट भाषणाला आणि ऑर्केस्ट्राला लावलेले असतात, इको कायम चालू. इकोमध्ये पंचचा शेवटचा शब्द स्वतःच्याच शेपटीवर पडतो. इको पूर्ण शून्य. निवेदकाच्या भारी आवाजावर जुळवलेला मिक्सर बाईला तसाच दिला की आवाज बारीक लागतो, मग साउंडवाला ट्रेबल, म्हणजे तीव्र आवाजाची पट्टी, चढवतो आणि माइक शिट्टी मारतो. शिट्टी बहुतेक दोन ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, तिथं थोडं खाली घ्या, वर नाही. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्‌झ, त्यामुळे लो-कट, म्हणजे खालचे खर्जाचे आवाज गाळायची सोय, १००-१२० ला ठेवला तरी काही जात नाही आणि घुमघूम कमी होते. तपासणी तिच्याच आवाजावर करा, दहा मिनिटं, तिचं ओरडणं आणि कुजबुजणं दोन्ही घेऊन. "हॅलो हॅलो माइक चेक" साउंडवाल्या पोरानं म्हणून उपयोग नाही. माइक हातातलाच द्या. कॉलर माइकची डबी कुर्त्याला, साडीला लावायची कुठं याचा विचार कुणी केलेला नसतो. आणि स्टँडचा आटा आधी ढिला करून ठेवा. साडेपाच फुटांवर घट्ट झालेला स्टँड खाली करायला ती झटतेय आणि समोरची माणसं बघतायत, या अर्ध्या मिनिटात सुरुवात हातची जाते.

निवेदकाला एवढंच सांगा, नाव, शोचं नाव, टाळ्या. "आता येत आहेत आपल्या गोड ताई" नको. सांगलीकडच्या त्या मुलीला त्या रात्री "संसार सांभाळून कला जोपासणाऱ्या" म्हणून बोलावलं होतं. त्यातून बाहेर यायलाच तिची अठरातली दोन मिनिटं गेली.

पैसे आधी लिखित ठरवा. दोनशेची शंभर तिकिटं गेली तर वीस हजार होतात, त्यातलं हॉलभाडं आणि साउंड वजा जाऊन उरलेल्याचे सत्तर टक्के कलाकाराला, हे कागदावर येऊ दे. मुक्काम द्या, सोबत येणाऱ्या माणसाचाही धरून. "तुम्ही जवळच्याच ना" म्हणून रात्री अकराला एसटी स्टँडवर सोडायचं नाही. व्हिडिओ तिला दाखवल्याशिवाय कुणी टाकायचा नाही. एक मिनिटाची रील फिरली की तो विनोद तिच्या शोमधून कायमचा जातो, आणि खालच्या घाणेरड्या कमेंट तिला एकटीला वाचाव्या लागतात.

त्या मुलीनं परवा दुसऱ्या गावात तोच शो केला म्हणे. बंद हॉल, पूर्ण ५० मिनिटं. पंगतीपर्यंत पोचली. ऐकून फार बरं वाटलं, आणि आपल्या गावानं ते ऐकलं नाही याचं वाईटही वाटलं.

महोत्सवाचं पत्रक अजून छापायला गेलेलं नाही. रविवारी साडेसहाचा हॉल अजून रिकामा दिसतोय. तिघींपैकी एकीला तरी तो मिळायला पाहिजे. संयोजकांपैकी कुणी ओळखीचं असेल तर आज रात्रीच फोन करा. काय म्हणाले ते खाली लिहा.