तेराव्यानंतर कोण येतं?

डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या एका गावात मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईची विटंबना झाली, तिला खांबाला बांधून मारलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात तेव्हा कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं, त्यामुळे तिला भेटायला जाणाऱ्यांची रीघ लागली. शेवटी कर्नाटक उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तिला बाहेरच्या कुणी भेटायचं नाही, असा आदेश दिला. मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, आपल्या निपाणीत जन्मलेले. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सूर असा, की भेटायलाही बंदी? मग माणुसकी कुठं राहिली?

मला तर त्या आदेशातच माणुसकी दिसली. कॅमेरा घेऊन येणारा भेटून जातो, कामाला येत नाही.

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला राहतो. आमच्या गल्लीत एका पोराला सुरीनं भोसकून मारलं. पोलिसांनी त्या घरासाठी एक महिला अधिकारी नेमून दिली. ती साध्या कपड्यांत यायची. मृतदेह कधी ताब्यात मिळेल, कोर्टात उद्या काय दाखवणार, हे आईबापाला आधी सांगायची. (फार भाबडं व्हायला नको, ती मुळात तपास पथकातलीच, घरात कानावर पडलेलं वहीत जातंच.) नुकसानभरपाईची सरकारी योजना तिथं 1964 पासून आहे आणि आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. शेजाऱ्यांनी फाटकाला फुलं बांधली आणि आपापले पडदे ओढले. मी जेवणाचा डबा घेऊन गेलो तर ती माउली आधी दचकलीच.

इकडं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझ्या मावसबहिणीचा नवरा बांधावरच्या मारामारीत गेला, तेव्हा तिच्या घरात चूल पेटवायची वेळच आली नाही. भावकीनं कडू घास आणला, शेजारणींनी भाकऱ्या, दुखवट्याला पाहुण्यांनी अंगण भरलं. तेरावं झालं, माणसं पांगली. मग तारखा सुरू झाल्या. फोनवर म्हणाली, "हवालदार मराठीत चांगलं बोलतो रे दादा, पण कागद सगळा कानडी. मला सही येते, तरी अंगठाच घेतला."

कायद्यात तिच्यासाठी बरंच काही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्याद लिहून घेतली की वाचून दाखवायची, प्रत फुकट द्यायची, तपास कुठवर आला ते 90 दिवसांत कळवायचं. मोबाइलवर कळवलं तरी चालतं. कलम 396 नुसार आरोपीचा पत्ताच लागला नाही, तरी पीडित किंवा वारसांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. ही सोय जुन्या कायद्यातही 2009 पासून होती. बहिणीला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. वकिलानंही नाही.

आपल्याकडे गुन्हा घडला की पहिली मागणी फाशीची. माझं म्हणणं आहे, पहिली मागणी एका माणसाची असावी: त्या घराला नेमून दिलेला, त्यांच्या भाषेत बोलणारा आणि खटला संपेपर्यंत न बदलणारा. सीमाभागात तर ही मागणी आपोआप आपली होते. मराठीत परिपत्रकं द्या, असं आपण वर्षानुवर्षं म्हणतोय, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळ्या फिती लावतोय. ठाण्यात एकट्या बसलेल्या बाईला तिची फिर्याद मराठीत समजावून सांगा, हे त्या मागण्यांच्या यादीत मराठी पाट्यांच्याही वर हवं.

"तिकडं बसून सांगायला काय जातं?" असं एका मित्रानं सुनावलं. बरोबरच आहे, तारखेला मी जाणार नाही. पण ज्यांना जाता येतं ती पोरं गावात आहेत. तालुक्याच्या कोर्टात कायदा सेवा समिती असते, कायद्याच्या मदतीसाठी 15100 हा फोन नंबर आहे, आणि गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्यांना प्रत्येक घर ठाऊक असतं. बहिणीचा अर्ज शेवटी अशाच एका पोरानं भरला. त्याला दोन्ही भाषा येतात. आता तो तिच्याबरोबर तारखेलाही जातो. कर्नाटकात बायकांसाठी असलेल्या शक्ती योजनेमुळे तिला बस फुकट, त्याला तिकीट पडतं. तेवढं तरी गणपती मंडळानं द्यावं.