पाणलोट समितीच्या नव्या अध्यक्षांस

अध्यक्षसाहेब, अभिनंदन! पाणलोट म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहून गेलं असेल तर आता विचारू नका. लेटरहेड छापून घ्या.

काम कुठून सुरू करायचं यावर कृषी खात्याची माणसं ‘माथा ते पायथा’ असा घोष लावतील. आधी डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर, मग ओघळीत दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर सिमेंटचा बंधारा. तुम्ही फक्त मान डोलवा. चर खणायला घाम लागतो आणि त्याला कोनशिला बसवता येत नाही. सुरुवात बंधाऱ्यापासूनच करा. माथा उघडा राहिला की माती वाहून येते आणि चार पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो. भरू द्या. गाळ काढायचीही योजना असते; एकाच मातीवर दोनदा बिल निघतं.

चर मारायचेच ठरले, तर पोरं दोन काठ्या आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन येतील. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या खुणेला आलं की तिथं फक्की टाकायची, एवढं सोपं काम. पण अर्धा डोंगर होईपर्यंत दुपार होते. त्यापेक्षा जेसीबीवाल्याच्या नजरेवर विसंबा. तो चर उताराला आडवा मारण्याऐवजी थोडा तिरका मारील, आणि पहिल्याच वळवात त्याची छान ओघळ होईल.

कुणी हिवरे बाजारचं नाव काढलंच, तर विरोध करू नका, सहल काढा. पोपटराव पवारांच्या त्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती पडला, माणसं-जनावरांच्या पिण्याला किती, उरलं तर कुठलं पीक. उसाला मनाई, शेतीसाठी बोअरला मनाई. हे सगळं ऐकून घ्या, फोटो काढा आणि येताना शिर्डी करून या. ताळेबंद तिथंच ठेवून यायचा असतो.

पुरंदरातल्या नायगावचा विषय मात्र निघूच देऊ नका. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीच्या हिशेबानं न देता घरातल्या माणसांच्या हिशेबानं वाटलं. भूमिहीनालाही वाटा! असलं काही कानावर गेलं, तर तुमच्या बारा एकर उसाकडं लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागतील. (खरं सांगायचं तर चर खणणं सोपंच. चार महिने श्रमदान करणारं गाव, विहिरीला पाणी आलं की पाचव्या महिन्यात ऊस लावतं. म्हणून तुमचं काम फारसं अवघड नाही.)

शेततळं घ्याच. त्यात पावसाचं पाणी साठवायचं असतं, असा एक जुना समज आहे. तुम्ही सहाशे फुटांवरनं बोअरचं पाणी उपसा, प्लॅस्टिकच्या कागदावर उन्हात पसरून ठेवा, आणि एप्रिलभर ते हवेत उडताना पाहा. २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपलीकडच्या विहिरीला ‘खोल’ म्हटलंय, पण फुटात मोजणाऱ्याला मीटरचं काय!

राहिली पाण्याची शुद्धता. टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून द्या. क्लोरीन आपोआप निघून जातो, वास तेवढा उरतो, आणि वासावर गाव समाधानी असतं. जलसुरक्षकाचं मानधन थकवा, म्हणजे ओटी टेस्टला, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायला, तो नळाखाली नळी धरणार नाही आणि ‘पिवळा रंग का येत नाही’ हा प्रश्नच उरणार नाही. गावातल्या पाच बायका तपासणीचं किट चालवायला शिकल्या असतील, त्यांचा सत्कार करा. शाल-नारळ द्या, किटची पेटी मात्र कपाटात, आणि किल्ली तुमच्याकडं. नाहीतर एखादी बाई उकिरड्याशेजारच्या विहिरीत नायट्रेट शोधून काढायची, आणि तो उकिरडा निघायचा तुमच्या चुलत्याचा.

एवढं करूनही गावचं पाणी धोक्याचं असल्याचं आरोग्य खात्याचं लाल कार्ड आलंच, तर घाबरू नका. ते ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात टाका. तिथवर पोचायच्या आत ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झालेली असते.